गळा आठवतो, गाणं आठवत नाही

आमच्या वाशिम जिल्ह्यात साठीच्या वरच्या कोण्याही माणसापुढं जुन्या गायन पार्टीचं नाव काढा. माणूस कमरेत वाकलेला असो की डोळ्यानं अधू असो, तो सावरून बसतो. "काय गळा व्हता बाप्पा त्याचा!" इथून सुरुवात होते. मग बिना भोंग्याचा आवाज शिवेपलीकडं जायचा, बेंजोवाल्याची बोटं दिसायची नाहीत, कोंबडं आरवलं तरी लोक उठायचे नाहीत, असं एकेक निघत जातं. शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "आता कुठी रायलं तसं?"

हे बोलणं मी पारावर ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, मयतीला जमलेल्या लोकांत ऐकलं, बाजार समितीत सोयाबीनच्या मापाला नंबर लावून बसलेल्या लोकांतही ऐकलं. मी त्याच रात्रींचा ऐकणारा आहे, म्हणून मलाही ते गोड लागतं. पण एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. या आठवणी जितक्या गोड होत चालल्या, तितकं त्यांतलं गाणं कमी होत चाललं. गळा राहिला, गाणं गेलं. इथं मला त्याचीच झाडाझडती घ्यायची आहे.

गायन पार्टी म्हणजे काय, हे शहरातल्या नव्या वाचकाला आधी सांगावं लागेल. पाच-सहा माणसांचा संच असायचा. एक गायक, बहुतेक वेळा पेटीही तोच वाजवायचा. एक ढोलकीवाला. एक बेंजोवाला. हा बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, त्याला बुलबुलतरंग असंही नाव आहे. बाकीचे दोघं-तिघं झील धरणारे आणि टाळ्या देणारे, त्यांतला एखादा खंजिरी किंवा घुंगरू वाजवायचा. १४ एप्रिलची भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, नामकरण, नव्या घराचा प्रवेश, कशालाही पार्टी बोलावत. त्याला कोणी कव्वाली म्हणत, कोणी भीमगीतांचा कार्यक्रम म्हणत. दोन पार्ट्या समोरासमोर बसवल्या की त्याला मुकाबला म्हणायचे. मुकाबला असला की चार गावचे लोक बैलगाड्या जुंपून यायचे.

हा प्रकार एका दिवसात तयार झाला नाही. आधी सत्यशोधकांचे जलसे होते, त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचं पुस्तक आजही वाचण्यासारखं आहे. जलशात गाण्याबरोबर संवाद असायचे, छोटं नाटक असायचं, हसवत हसवत कान टोचलेले असायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. माझं कळतं वय येईपर्यंत आमच्या भागात नाटकाचा भाग मागं पडला होता. गाणं पुढं आलं होतं आणि त्याला कव्वालीची बैठक मिळाली होती. कव्वाली आम्हाला परकी नव्हतीच. आमच्या मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे. तिथं नवस बोलायला सगळ्या जातीधर्माची माणसं जातात. कव्वालीतली टाळी, गाण्याआधी टाकलेला शेर, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा चढत जाणं, हे आमच्या गाणाऱ्यांनी उचललं आणि त्यात आपला मजकूर भरला.

मजकूर कोणाचा? आमच्याकडं बहुतेक वामनदादा कर्डकांचा. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. शाळा नाही. मुंबईला कामधंद्याला गेल्यावर मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग जन्मभर गाणी लिहीत, गात गावोगाव हिंडले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ ही त्यांची पुस्तकं. विदर्भात नागपूरच्या नागोराव पाटणकरांचं नाव दणाणत होतं. प्रल्हाद शिंद्यांचा पहाडी आवाज तबकडीवरून आणि पुढं कॅसेटवरून घरोघरी गेला. ही सगळी मोठी नावं. पण मोठा गायक तालुक्याच्या गावी कधीतरी यायचा. आमच्या खेड्यात दर साली येणारी पार्टी पंचक्रोशीतलीच असायची. तिनं मोठ्यांची गाणी ऐकायची, वहीत उतरवायची आणि आम्हाला आणून द्यायची. मोठ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या लहान पार्टीबद्दल बोलतो, कारण गोड आठवणी निघतात त्या तिच्याच.

आमच्याकडच्या पार्टीतला गायक सालदार होता. दिवसा दुसऱ्याचं औत हाकायचा. बेंजोवाला शिंपीकाम करायचा. ढोलकीवाला गवंड्याच्या हाताखाली होता. झील धरणाऱ्यांतला एक माझ्यासारखाच तीन एकरांचा कास्तकार. कार्यक्रम रात्री नऊला सुरू व्हायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. त्यानंतर गायक घरी जाऊन झोपत नसे. तो सरळ मालकाच्या गोठ्यावर जायचा, कारण सालदाराला जयंतीची सुट्टी मागायची सोय नव्हती. "कोंबडं आरवलं तरी लोक उठायचे नाहीत" असं सांगणाऱ्यांना कोंबडं आठवतं. त्या कोंबड्याबरोबर गायक कुठं गेला, हे कोणी सांगत नाही.

आता गळ्याकडं येतो.

आमच्या गायकाचा गळा चांगला होता, पण लोक सांगतात तसा नव्हता. बाराच्या पुढं आवाज बसायचा. दोननंतर तर नुसती खरखर. तरी लोक उठत नव्हते, हे मात्र खरं. मग ते कशावर बसून राहायचे? मी त्या वेळी पेटीच्या अगदी समोर बसणारा पोरगा होतो. पुढं भजन मंडळात दोन-चार वर्षं पेटी धरली, तेव्हा मला त्यातली गोम कळली. ती माणसं शब्द पोचवायची. सगळी कारागिरी शब्द पोचवण्यात होती.

ते कसं करायचे पहा. गायक ओळ आधी साधी बोलून दाखवायचा, जशी पारावर बोलावी तशी. मग तीच गायची. मग झील धरणारे तीच ओळ उचलायचे. म्हणजे मागं झाडाखाली बसलेल्या माणसापर्यंत ओळ तीनदा जायची. अंतरा सुरू झाला की बेंजोवाला हात आखडता घ्यायचा. धृपदावर आल्यावर मग त्याची बोटं मोकळी सुटायची. ढोलकीवाला शब्दाच्या वर कधी वाजवत नव्हता. शब्द संपला की तो भरायचा. दोन-तीन वेळा धृपद झालं की गायक शेवटचा शब्द गाळून नुसता हात पुढं करायचा आणि तो शब्द लोक म्हणायचे. शब्द लोकांनी बरोबर म्हटला, की गाणं पोचलं. लोक अडखळले, की तो थांबून अर्थ सांगायचा. "समजलं का मायबापहो?" असं विचारायचा. कोणी म्हातारा खुशाल म्हणायचा, "नाही समजलं बावा, पुन्हा सांग." मग पुन्हा.

माझ्या मते खरी कला ही होती. यात गळ्याचा वाटा पाव हिस्सा. बाकी तीन हिस्से ढोलकीचे, बेंजोचे, झिलेचे, आणि न लाजता "नाही समजलं" म्हणणाऱ्या लोकांचे. आपण तारीफ करतो ती एका गळ्याची, आणि बाकीच्यांना त्या एका आवाजामागं झाकून टाकतो. ढोलकीवाल्याचं नाव आज आमच्या गावात दहा माणसांना विचारलं तर दोघांना सांगता येत नाही. गायकाचं मात्र सगळ्यांना येतं.

चाहते दुसरी गोष्ट फार अभिमानानं सांगतात. "त्या काळचे लोक पैशासाठी गात नव्हते." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. वाक्य म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण वाक्य खोटं आहे आणि आपल्या सोयीचं आहे.

पार्टी ठरवताना बिदागी ठरायची. वर्गणी कोणी रोख द्यायचं, कोणी पायलीभर ज्वारी द्यायचं. ज्वारी विकून पैसा उभा करायचा. जयंती झाली की हिशेब. भोंगेवाला तालुक्याच्या गावचा, दुकानदार माणूस, तो पैसे घेतल्याशिवाय भोंगा उतरवायचा नाही. गॅसबत्तीवाल्याचंही तसंच. मांडवाच्या कापडाचं भाडं रोख. शेवटी उरायची पार्टी. तिला सांगायचे, "तुमचं पाहू ना, तुम्ही घरचेच." घरच्या माणसाला पैसे मागायची लाज वाटायची, म्हणून तो मागायचा नाही. आणि त्यानं मागितले नाहीत म्हणून आज आपण म्हणतो, तो पैशासाठी गात नव्हता! गाणाऱ्याच्या गरिबीला आपण त्याचा मोठेपणा ठरवलं. यात त्याचा मोठेपणा कमी आणि आपली कंजुषी जास्त आहे. बँडवाल्याला, डीजेवाल्याला आज आगाऊ रक्कम मोजताना आपला हात थरथरत नाही. गायकाला देतानाच आपल्याला त्याग आठवतो.

मधूनमधून बक्षीस यायचं, तेही सांगितलं पाहिजे. कोणी सव्वा रुपया दिला, कोणी पाच दिले, की गाणं थांबवून भोंग्यावर नाव पुकारायचं. गायक त्या नावाला जोडून एखादी ओळ रचायचा. लोकांना मजा यायची. पण यातून पार्टीला वाईट सवयही लागली. पाच रुपयेवाल्याची स्तुती मोठी, सव्वा रुपयेवाल्याची लहान. कधी कधी दारूच्या गुत्त्याचा मालक पाच देऊन जायचा आणि त्याच्या नावाची ओळ झाल्यावर पुढचं गाणं दारू सोडा म्हणून असायचं. लोक हसायचे. गायकही हसायचा. तेव्हा ते खपून गेलं, पण गाणं म्हणून पाहिलं तर तिथं गाण्याचा दम कमी पडत होता. गोड आठवणीत हेही आलं पाहिजे.

आणखी दोन दोष सांगतो. एक, चाली. पुष्कळ गाणी गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर बांधलेली असत. त्यात गैर काही नाही. चाल लोकांच्या ओठावर आधीच असते, नवे शब्द त्यात लगेच बसतात, न शिकलेल्या माणसाला पाठ करायला सोपं जातं. पण कसबी कवी चालीला आपल्या शब्दामागं चालवतो आणि कच्चा कवी चालीमागं फरफटत जातो. कच्च्याच्या गाण्यात सिनेमातली नटी आठवायची, बाबासाहेब आठवायचे नाहीत. आमच्या पार्टीत दोन्ही जातीची गाणी होती. आज सगळीच थोर म्हणून सांगतात. कापसात चांगली बोंडं आणि कवडी एकाच गाठोड्यात बांधली तर व्यापारी कवडीचाच भाव देतो.

दुसरा दोष मुकाबल्यातला. बाई गायिका आणि बुवा गायक समोरासमोर बसले की पहिले दोन तास भीमगीतं, आणि मध्यरात्र टळली की टोमणे सुरू व्हायचे. बाईच्या रंगावर, वयावर, नवऱ्यावर. आंबेडकरांनी बाईला काय दिलं हे ज्या तोंडानं दहा वाजता गायलं, त्याच तोंडानं एक वाजता बाईचा पाणउतारा. लोक शिट्ट्या मारायचे. त्या वेळी आमच्या आया-बहिणी उठून घरी जायच्या. "रात्रभर कोणी उठत नव्हतं" असं म्हणणाऱ्यांनी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

बायांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या म्हणण्याचा गाभा इथं आहे. बाया एका अंगाला, अंधारात बसायच्या. त्यांना बक्षीस द्यायला पैसा नव्हता, फर्माईश करायची रीत नव्हती. पण जयंती झाल्यावर मृगात पेरा व्हायचा, निंदण लागायचं, आणि बाया पाथीला लागल्या की तीच गाणी वावरात ऐकू यायची. पूर्ण गाणी, सगळ्या अंतऱ्यांसकट. एकीला जो अंतरा आठवत नव्हता तो दुसरी उचलायची. पाथ संपेपर्यंत गाणं पुरं व्हायचं. कापूस वेचताना तेच. जात्यावर तर त्या आपल्याच ओव्या रचायच्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या पुष्कळ आहेत. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेक बाया शाळेची पायरी न चढलेल्या. त्यांनी ऐकलं, पोटात ठेवलं आणि पुढच्या पिढीला दिलं.

मागं दोनेक वर्षांपूर्वी मी आमच्या गावातल्या जुन्या चाहत्यांना एकेक करून विचारत गेलो. गायकाचा फेटा कोणत्या रंगाचा होता, हे सात जणांनी सांगितलं. त्यांतही रंग तीन निघाले, ती गोष्ट वेगळी. पण कोणतंही एक गाणं धृपदाच्या पुढं म्हणून दाखवा म्हटलं, तर एकाला एक अंतरा आला, तोही अर्धा. मग एका घरात ओसरीवर बसलेली ऐंशीच्या घरातली म्हातारी म्हणाली, "माह्या तोंडानं आयकता का?" तिनं पाच अंतऱ्यांचं गाणं बसल्या बसल्या म्हटलं. आवाज फाटलेला, सूर कुठंच्या कुठं. पण एक शब्द सुटला नाही. तिचा नवरा बाजूलाच होता. चाळीस वर्षं गावभर गळ्याची तारीफ करत फिरणारा माणूस. तो म्हणाला, "हे तुले केव्हा पाठ झालं वं?" ती म्हणाली, "तुमी शिट्ट्या मारत व्हते, तवा."

त्या म्हातारीच्या गाण्यात शेवटचा अंतरा होता आणि त्यात कवीचं नाव होतं. हे महत्त्वाचं आहे. ‘तुका म्हणे’ असतं तसं वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो. ती कवीची सही. आमच्या भागात मी कितीतरी कार्यक्रम ऐकले, जिथं वेळ संपली म्हणून शेवटचा अंतरा गाळला गेला, म्हणजे सहीच पुसली. काही गाणाऱ्यांनी तर त्या जागी स्वतःचं नाव घातलं. पुढं कॅसेट आली. रात्रभराचं गाणं साठ मिनिटांत बसवायचं, म्हणजे कात्री लागणारच. कात्री आधी शेवटाला लागली. लोकांना गाणं गाणाऱ्याचं वाटू लागलं, लिहिणाऱ्याचं नाव उरलं नाही. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. पुढच्या महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. एक लिहिणारा, एक गाणारा. माझ्या ओळखीच्या गाणंवेड्या माणसांत दुसऱ्या बातमीनं हळहळलेले जास्त होते. पहिल्या बातमीला कितीकांनी विचारलं, "कोन वामनदादा?" आणि त्याच माणसांना वामनदादांची गाणी रोज लागायची.

आठवणीतून आणखी एक गोष्ट गळाली आहे, ती म्हणजे भीती. आमच्या जिल्ह्याला लागून पैनगंगेपलीकडं मराठवाडा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि तिकडं वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांना त्यात जीव गमवावा लागला. नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. त्या मधल्या काळात आमची पार्टी नदी ओलांडून नामांतराची गाणी गायला जायची. एका गावानं त्यांना वेशीवरूनच परत लावलं. दुसऱ्या एका गावात कार्यक्रम चालू असताना बत्तीवर दगड आला. बत्ती फुटली, तर अंधारात गायले. ढोलकीवाला पुढं सांगायचा, "अंधारात बरं, दगडवाल्याले आपन दिसत नाही." ही गोष्ट चाहत्यांच्या गोड आठवणीत नाही. ती आली तर गाणं म्हणजे करमणूक होती, असं सांगता येत नाही. त्या माणसांनी गाण्यासाठी डोकी धोक्यात घातली होती. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर गाता गाता कोसळले आणि गेले. मोठ्या शाहीराचं मरण पेपरात येतं. नदी ओलांडणारे आमचे पाच जण कुठंच छापून आले नाहीत.

आता तिसरं वाक्य. "आजकालच्या पोट्ट्यांनी वाटोळं केलं, डीजे लावतात."

डीजे मलाही सोसत नाही. छातीत धडधडतं, घरात भांडी वाजतात आणि शब्द एक कळत नाही. बाबासाहेबांच्या नावाचं गाणं आणि त्याच्यापुढं दारू पिऊन नाचणं, हे पाहून जीव कळवळतो. पण पोरांवर सगळं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. रात्रभराची पार्टी बंद पडली त्याला पोरं कारण नाहीत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत. ज्या गाण्याची रंगत बाराच्या पुढं चढायची, त्याचा पायाच काढला गेला. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला झोप पाहिजे, परीक्षेच्या पोराला शांतता पाहिजे. पण नियम आल्यावर आपण संध्याकाळी पाचला बिना भोंग्याची बैठक का नाही घेतली? "बिना भोंग्याचा आवाज शिवेपलीकडं जायचा" असं सांगणारे आपणच ना?

दुसरं, पार्टी तयार व्हायची ती उमेदवारीनं. झील धरता धरता पोरगा पेटीला बसायचा. आमच्या गायकानं आपल्या पोराला मुद्दाम शिकवलं नाही. "मी औत हाकून गायलो, त्यानं काय करावं?" म्हणाला. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. बापाच्याच गाण्यातला ‘शिका’ त्यानं मनावर घेतला, तर त्याला दोष कसा द्यावा? पोरांना वारसा मिळाला नाही असं नाही. त्यांना गाण्यातला उपदेश मिळाला, गाणं मिळालं नाही. गाणं हातात द्यायचं काम आपलं होतं. आपण तारीफ देत बसलो.

तारीफ आणि टीका यांतला फरक मला शेतीतून कळतो. शेजाऱ्याचं पीक बांधावरून पाहून "वा, काय हिरवंगार!" म्हणणं सोपं आहे. वावरात उतरून शेंग फोडून पाहिली तर कळतं, दाणे किती भरले, अळी किती लागली. मी म्हणतो, या जुन्या गाण्यांच्या वावरात उतरा. कोणत्या गाण्यात दाणा आहे, कोणतं नुसतं पाल्यानं माजलं, हे पहा. यात गाणाऱ्यांचा अपमान होत नाही. ज्याचं गाणं आपण नीट तपासतो, त्याला आपण कारागीर मानतो. ज्याची नुसती तारीफ करतो, त्याला आपण देवळात बसवून विसरतो.

माझ्या तपासणीत आमच्या पार्टीकडं चाळीसेक गाणी होती, त्यांतली डझनभर आजही खणखणीत आहेत. त्यांची खूण सांगतो. त्यांत एक तरी ओळ अशी आहे, जी ऐकणाऱ्याला काही करायला सांगते. पोरीला शाळेत घाल, मेलेलं ढोर ओढू नको, बाटली फोड, मत विकू नको. ती ओळ चालीच्या बरोबर नेमक्या जागी येते, जिथं ढोलकी थांबते. बाकीची गाणी जयजयकाराची. जयजयकार त्या रात्रीपुरता ठीक असतो. सकाळी औताला जाताना सोबत येते ती काम सांगणारी ओळ. माझी थोरली बहीण सातवीपर्यंत शिकली, ती अशाच एका ओळीच्या भरवशावर. आईनं बापाशी भांडताना दुसरा कोणताच पुरावा दिला नव्हता. गाण्यात सांगितलं आहे, एवढंच म्हणाली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या घरात जुनी गाण्याची वही असेल, ती पेटीतून बाहेर काढा. उंदरानं खाल्ली असेल तर उरलेली काढा. वही नसेल तर म्हाताऱ्या बायांजवळ बसा आणि लिहून घ्या, शेवटच्या अंतऱ्यासकट. कवीचं नाव लिहा. ढोलकीवाल्याचं, बेंजोवाल्याचं, झील धरणाऱ्याचं नाव लिहा. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे, आवाज भरून ठेवायला पैसा लागत नाही. आणि पंचक्रोशीत कुठं एखादी पार्टी अजून तग धरून असेल, तर तिला बोलवा, बिदागी आधी द्या, भोंगेवाल्याच्या आधी.

पुढच्या जयंतीला कोणी तुमच्याजवळ येऊन म्हणेल, "काय गळा व्हता बाप्पा त्याचा!" त्याला नाही म्हणू नका. फक्त विचारा, "भाऊ, गाणं कोन्तं व्हतं? दुसरा अंतरा म्हना बरं." आला तर ऐका. नाही आला तर सांगा, घरात जाऊन विचारून या.